शिदोरी थोडी असली तरी काम मिळते

रात्रीची जेवणे आटोपली की हल्ली पुष्कळ घरांतून एक संवाद हटकून ऐकू येतो. घर नांदेडचे असो, बेळगावचे असो की इंदूरचे, शब्द तेच असतात.

“अरे, तुझा तो वेबसाइटचा कोर्स होऊन सहा महिने झाले. नोकरीचं काय झालं?”

“अगं आई, जिथे तिथे दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभव आणू कुठून?”

बाबा वर्तमानपत्र बाजूला ठेवतात. “आमच्या ऑफिसातल्या एकाने मोठ्या शहरातली एक संस्था सांगितली आहे. फी दीड लाख, पण नोकरीची हमी देतात म्हणे. मुदत ठेव मोडावी लागेल, एवढंच.”

शेजारी पुस्तक उघडून बसलेली धाकटी बहीण मान वर करते. ती ठेव तिच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेली असते. पण ती काही बोलत नाही.

मुलगा आळशी नसतो. त्याने मन लावून कोर्स केलेला असतो. त्याला वेबसाइटचे साधे पान बनवता येते, रंगरूप देता येते, एखादे बटण चालते करता येते. मात्र एवढ्यावर कुणी काम देईल यावर ना त्याचा विश्वास असतो, ना घरच्यांचा. मग दोनच वाटा दिसू लागतात. एक तर हे सारे सोडून द्यायचे, नाही तर आणखी पैसे ओतून आणखी एक प्रमाणपत्र आणायचे.

तिसरीही एक वाट आहे. जेवढे येते तेवढ्यावर होणारे काम शोधायचे आणि ते पूर्ण करून दाखवायचे. ही वाट स्वस्त आहे, पण तिच्यावर स्वतःच्या पायांनी चालावे लागते.

थोडे येते म्हणजे नेमके किती?

वेबसाइट मुळात साधी गोष्ट आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली. पहिली वेबसाइट तेथेच सुरू झाली. त्या पानावर फक्त मजकूर होता आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारे दुवे होते. आजही पानाचा सांगाडा एचटीएमएल या भाषेतच लिहिला जातो. त्याला कपडे चढवते सीएसएस आणि त्याच्यात हालचाल आणते जावास्क्रिप्ट.

ज्याला ‘थोडे येते’ त्याने आधी स्वतःची एक परीक्षा घ्यावी. शिकवणीची चित्रफीत बंद करावी, वही मिटावी आणि कोऱ्या फाइलपासून तीन पानांची वेबसाइट बनवावी. ती मोबाइलवर नीट दिसावी. फोन नंबरवर बोट ठेवताच फोन लागावा. छायाचित्रे लवकर उघडावीत. मग ती इंटरनेटवर चढवून मित्राच्या मोबाइलवर उघडून पाहावी. एवढे जमले तर शिदोरी थोडी असली तरी खरी आहे. जमले नाही तर आणखी महिनाभर सराव करावा. अर्धवट विद्येवर दुसऱ्याचे पैसे घेणे बरे नव्हे.

समोरचे दार आणि बाजूचे दार

मोठ्या कंपन्या अशा उमेदवाराला का घेत नाहीत, हेही समजून घ्यावे. तेथील कामात एकाच वेळी अनेक माणसे हजारो ओळींचा कोड हाताळतात. मागे माहितीचा मोठा साठा असतो. साधे पान बनवणे हा त्यातला अगदी लहान भाग असतो.

दुसरे कारण नवे आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून साधे पान यंत्राकडून काही क्षणांत लिहून घेता येते. त्याआधीपासूनच, २००३ साली निघालेल्या वर्डप्रेससारख्या साधनांमुळे कोड न लिहिताही वेबसाइट उभी राहत होती. म्हणजे नुसते पान बनवता येणे याला आता फारशी किंमत उरलेली नाही. हे कडू वाटले तरी खरे आहे.

पण पान बनवणे म्हणजे काही सगळे काम नव्हे. दुकानदाराकडून मजकूर काढून घेणे, चुकीचा पत्ता दुरुस्त करणे, गेल्या वर्षीची सूचना उतरवणे, पान बंद पडले तर ते सुरू करणे, कंटाळा न करता दर महिन्याला लक्ष ठेवणे, या गोष्टींना माणूसच लागतो. त्या माणसाला थोडे कोडिंग येत असले म्हणजे पुरे.

म्हणून नोकरी शोधताना फक्त ‘वेब डेव्हलपर’ हीच पाटी पाहू नये. हेच काम इतर नावांनीही चालते. वेबसाइटची देखभाल, मजकूर चढवणे, ऑनलाइन दुकानाच्या मालाची यादी सांभाळणे, होस्टिंग कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी सोडवणे, बनलेली वेबसाइट तपासून चुका काढणे, ही सारी बाजूची दारे आहेत. जाहिरातीच्या ईमेलची सजावट हे असेच एक काम. काही ईमेल प्रणाली आजही नवे सीएसएस नीट समजू शकत नाहीत. त्यामुळे तेथे १९९० च्या दशकासारखी तक्त्यांची जुनी मांडणी करावी लागते. ज्याला साधे एचटीएमएल नीट येते, त्याची तेथे चांगली गरज भासते.

शिकाऊ उमेदवारीचा मार्गही विसरू नये. १९६१ च्या कायद्याप्रमाणे शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन मिळते. रक्कम मोठी नसते, पण शिकण्यासाठी पैसे भरण्यापेक्षा शिकताना पैसे मिळणे केव्हाही चांगले.

पहिले काम घराजवळ असते

परदेशातील गिऱ्हाईक मिळवून डॉलर कमावण्याची स्वप्ने पुष्कळ जण पाहतात. अपवर्क, फायव्हर अशा ठिकाणी कामे मिळतात हे खरे. पण तेथे जगभरचे लोक एकाच कामासाठी रांग लावून उभे असतात. फायव्हर तर काम करणाऱ्याच्या रकमेतून २० टक्के कापून घेते. ज्याच्या नावावर एकही पूर्ण केलेले काम नाही, त्याची तेथे डाळ शिजणे अवघड.

त्यापेक्षा आपल्याच पेठेतून एक चक्कर मारावी. दवाखाना, शिकवणी वर्ग, खानावळ, मंगल कार्यालय, गृहनिर्माण संस्था, परप्रांतातले महाराष्ट्र मंडळ, यांच्यापैकी कितीतरी जणांची वेबसाइट नसते आणि ज्यांची असते ती बहुधा आजारी असते. फोन नंबर जुना असतो. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसतात. पत्त्याच्या पट्टीत ‘असुरक्षित’ असा इशारा येतो. क्रोम ब्राउझर २०१८ पासून सुरक्षा प्रमाणपत्र नसलेल्या सर्व पानांवर हा इशारा दाखवतो. हे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना नफा तत्त्वावरची व्यवस्था विनामूल्य देते. मालकाला हे ठाऊक नसते. ज्याला ठाऊक आहे, त्याच्यासाठी हेच पहिले काम.

मात्र दुकानात शिरून कोडिंगच्या गप्पा मारू नयेत. समोरच्याची अडचण आधी ऐकावी.

“काका, तुमची वेबसाइट मी मोबाइलवर पाहिली. त्यावरचा नंबर लागत नाही.”

“हो का? अरे, तो तर तीन वर्षांपूर्वीच बंद झाला. तरीच मेला फोन येत नाही! पण ज्याने वेबसाइट बनवली तो आता भेटतच नाही.”

“मी दुरुस्त करून देऊ शकेन. आधी पाहतो, मग खर्च सांगतो. जमणार नसेल तर तसंही सांगेन.”

यातले शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. थोडे येणाऱ्या माणसाचे खरे भांडवल हेच. जमते ते सांगावे आणि जमत नाही तेही सांगावे. लोकांना हुशार माणसे पुष्कळ भेटतात. सांगितलेल्या दिवशी परत येणारा माणूस क्वचित भेटतो.

कधी कधी तर वेबसाइटची गरजही नसते. गूगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते. वेळ, नंबर आणि चार चांगली छायाचित्रे घातली की छोट्या खानावळीचे काम भागते. अशा वेळी उगाच पाच पाने गळ्यात मारू नयेत. प्रामाणिक सल्ला देणाऱ्याचे नाव शेजारच्या दुकानातही पोहोचते.

मराठी येते, हीसुद्धा विद्याच

आपल्या मुलांना एक गोष्ट सहसा सुचत नाही. ज्याला कोडिंगही थोडे येते आणि मराठीही शुद्ध येते, त्याच्यासाठी वेगळे काम आहे.

छापखान्यात पूर्वी बनवलेला मजकूर बहुधा जुन्या फाँटमध्ये असतो. तो तसाच वेबसाइटवर चिकटवला तर नुसती गिचमिड उमटते. तो युनिकोडमध्ये बदलून, एकेक ओळ वाचून तपासावा लागतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक यंत्राच्या नजरेतून निसटू शकतो, मराठी माणसाच्या नाही. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद कोडमध्ये केली, तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाने दाखवतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने बनवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे देवनागरी फाँट विनामूल्य मिळतात. शाळा, ग्रंथालये, पतसंस्था, छोटे प्रकाशक यांना अशी कामे करून देणारा माणूस हवा असतो.

अंध वाचकांचाही विचार करावा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि त्यात माहिती सर्वांना वापरता येण्याजोगी असावी ही अपेक्षा आहे. छायाचित्राखाली त्याचे वर्णन लिहिणे, रंगांत पुरेसा फरक ठेवणे, मथळे योग्य क्रमाने देणे, हे सारे साध्या एचटीएमएलचेच काम आहे. थोडा वेळ लागतो इतकेच.

प्रमाणपत्र नको, नमुना दाखवा

लहान गिऱ्हाईक प्रमाणपत्र पाहत नाही. त्याला बनवलेली वस्तू पाहायची असते. म्हणून तीन नमुने तयार ठेवावेत. एक काल्पनिक दवाखान्याचा, एक शिकवणी वर्गाचा आणि एक खऱ्या संस्थेचा. तिसऱ्यासाठी ओळखीच्या वाचनालयाचे किंवा मंडळाचे काम अगदी कमी मोबदल्यात करून द्यायला हरकत नाही. मात्र असे काम एकच करावे. फुकटाची सवय गिऱ्हाइकाला लवकर लागते आणि करणाऱ्यालाही.

हे नमुने ‘गिटहब पेजेस’वर विनामूल्य ठेवता येतात. काल्पनिक नमुन्यावर ‘नमुना’ असे स्पष्ट लिहावे. दुसऱ्याची वेबसाइट उचलून आपली म्हणून दाखवू नये. पहिला खोलातला प्रश्न विचारला गेला की पितळ उघडे पडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घ्यावी का? जरूर घ्यावी, पण शिक्षक म्हणून. तिने लिहिलेली प्रत्येक ओळ समजून घ्यावी. जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही, ती गिऱ्हाइकाच्या वेबसाइटवर चढवू नये. गिऱ्हाइकाचे पासवर्ड आणि खासगी माहिती तिला कदापि देऊ नये.

व्यवहार आधी, काम नंतर

ओळखीच्या माणसाशी पैशांचे कसे बोलायचे, या संकोचात कितीतरी मुले फसतात. म्हणून लहान कामाचाही एका कागदावर करार असावा. किती पाने, कोणत्या तारखेपर्यंत, किती रुपयांत, बदल किती वेळा करून मिळतील आणि मजकूर व छायाचित्रे कोण देणार, एवढ्या पाच गोष्टी त्यात असाव्यात. अर्धी रक्कम आधी घ्यावी.

किंमत ठरवताना तासांचा हिशेब करावा. समजा, पाच पानांना ४० तास लागतील आणि ताशी १५० रुपये धरले, तर ६,००० रुपये होतात. हिशेब समोर मांडला की घासाघीस कमी होते. डोमेन आणि होस्टिंगचा खर्च वेगळा सांगावा, कारण तो दर वर्षी करावा लागतो. देखभालीची वार्षिक रक्कमही तेव्हाच ठरवावी. नव्या वेबसाइटपेक्षा या देखभालीच्या पैशांतूनच पुढे घरखर्चाला हातभार लागतो.

एक नियम कधीही मोडू नये. वेबसाइटचे नाव, म्हणजे डोमेन, गिऱ्हाइकाच्याच नावावर नोंदवावे आणि सर्व पासवर्ड त्याच्या स्वाधीन करावेत. डोमेन स्वतःच्या नावावर ठेवून गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारे लोक आहेत. त्यांच्याकडे दुसऱ्यांदा कुणी जात नाही.

कोणती कामे घेऊ नयेत, हेही ठरवावे. रुग्णांची माहिती साठवणे, परीक्षेचे निकाल सांभाळणे, पैसे घेण्याची यंत्रणा स्वतः लिहिणे, ही कामे थोड्या ज्ञानावर करण्याची नव्हेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला आहे. अशा कामात झालेल्या चुकीचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागतात. ‘हे मला अजून येत नाही’ असे म्हणण्यात कमीपणा नाही.

हमी देणाऱ्यांपासून सावध

आता बाबांच्या त्या दीड लाखांकडे वळू. चांगल्या शिक्षण संस्था असतात, त्यांची फीही असते. पण ‘नोकरीची शंभर टक्के हमी’ असे शब्द दिसले की थांबावे. हमी लेखी आहे का? नोकरी मिळाली नाही तर पैसे परत मिळतील का? त्यासाठीच्या अटी कोणत्या? गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांशी संस्थेचा माणूस समोर नसताना बोलता येईल का? या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर मुदत ठेव बँकेतच बरी.

काम देण्यासाठी आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतोच. नोंदणी शुल्क, अनामत रक्कम, लॅपटॉपसाठी ठेव, नावे काहीही असोत. घरबसल्या सोपी कामे देतो म्हणून आधी थोडे पैसे देणारे आणि मग मोठी रक्कम भरायला लावणारे ठगही पुष्कळ आहेत. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम वाचण्याची शक्यता अधिक.

‘चाचणी’ म्हणून पूर्ण वेबसाइट फुकट बनवून घेणाऱ्यांनाही नम्रपणे नकार द्यावा. तासाभराची चाचणी समजू शकते. आठवड्याची चाचणी म्हणजे फुकटची मजुरी.

विनामूल्य शिकण्याची तर आज वाण नाही. मुंबईच्या आयआयटीचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प संगणकाचे छोटे छोटे धडे देतो आणि त्यांतले अनेक धडे मराठीतूनही ऐकता येतात. इंग्रजी जमत असेल तर ‘फ्रीकोडकॅम्प’वर सरावासह पूर्ण अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्यांसाठी आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा एक वर्षाचा संगणक अभ्यासक्रम आहे.

घरच्यांनी काय करावे?

मुलांना सर्वांत जास्त गरज असते ती मुदतीची. सहा महिने ठरवून द्यावेत. त्या काळात दुसरे एखादे अर्धवेळ काम करीत हा प्रयत्न करावा. दर आठवड्याला पाच ठिकाणी जाऊन विचारावे, एक नवी गोष्ट शिकावी आणि वहीत जमाखर्च लिहावा. सहा महिन्यांनी वही उघडून सर्वांनी मिळून निर्णय घ्यावा. तोवर उठता-बसता ‘नोकरीचं काय झालं?’ असे विचारू नये.

हे फक्त मुलांपुरते नाही. मूल लहान असताना नोकरी सोडलेली सून, निवृत्तीनंतर संगणक शिकलेले गृहस्थ, यांनाही ही वाट मोकळी आहे. मात्र घरून काम करणारी बाई ‘घरीच तर असते’ असे समजून दर अर्ध्या तासाने तिला हाक मारली जात असेल, तर कोणतेही कोडिंग तिच्या उपयोगी पडणार नाही. तिचे तीन तास म्हणजे तीन तास, हे घराने पाळायला हवे.

या वाटेने सगळेच यशस्वी होतील असे नाही. काहींना सहा महिन्यांत कळेल की हे आपले क्षेत्र नव्हे. हे कळणेही थोडक्यात झाले, असे समजावे. काहींना पाचपन्नास गिऱ्हाइके मिळतील. काही जण दोन-तीन खरी कामे दाखवून त्याच कंपन्यांच्या दारात जातील, ज्या काल अनुभव मागत होत्या. त्यांच्याकडे आता दाखवायला काहीतरी असेल.

आणि बाबांनी मुदत ठेव मोडण्याआधी मुलाला एवढेच सांगावे, “उद्या नाक्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन ये. त्यांच्या वेबसाइटवरचा नंबर लागत नाही म्हणतात.” फी लागणार नाही. धाकट्या बहिणीलाही पुन्हा पुस्तकात डोके घालता येईल.